पूररेषेतील घर आणि करदात्याचा पैसा

(सांगवी, ता. बारामती येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

वारंवार पुराखाली जाणारी घरे शासनाने सार्वजनिक पैशातून विकत घ्यावीत काय, हा आजच्या चर्चेचा विषय आहे. नीरेच्या काठी बसून या प्रश्नाचा विचार करणे उचितच आहे. वीर धरण भरले की नदीत पाणी सोडले जाते आणि काठच्या गावांना सावधानतेचा इशारा मिळतो. इशारा मिळाल्यावर माणूस जनावरे सोडवील, धान्याचे पोते माळ्यावर टाकील, म्हाताऱ्या माणसांना शाळेत नेऊन बसवील. पण घर उचलून नेता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हेच्या पुराने बारामतीच्या नदीकाठच्या वस्त्या रातोरात रिकाम्या कराव्या लागल्या. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीने बारामती-इंदापुरातील शेते आणि घरे पाण्याखाली घातली. मे २०२५ मध्ये तर पावसाळा लागण्यापूर्वीच नीरा डावा कालवा फुटला. तेव्हा हा प्रश्न कोणा दूरच्या मुलखाचा नाही.

या सूचनेवर पहिला आक्षेप घेतला जातो तो करदात्याच्या नावाने. ज्यांनी नदीच्या पात्रालगत घरे बांधली त्यांची चूक इतरांनी का भरावी, असे विचारले जाते. हा करदाता कोण, ते आधी पाहू. प्राप्तिकर भरणारा तेवढाच करदाता, अशी एक समजूत शहरी सुशिक्षितांत रुजलेली आहे. साबणाच्या वडीवर आणि चपलांच्या जोडावर जो कर आहे तो ऊसतोड मजूरही भरतो आणि कारखान्याचा संचालकही भरतो. मिळकतीच्या मानाने पाहिले तर मजूरच अधिक भरतो. नदीकाठच्या झोपडीत राहणारी बाई करदात्यांच्या दारात हात पसरून उभी नाही. ती स्वतः करदाती आहे.

दुसरे असे की, पैसा आजही खर्च होतच आहे. प्रत्येक पुरानंतर पंचनामे होतात, छावण्या उघडतात, बोटी येतात, सानुग्रह अनुदान वाटले जाते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या निकषांत सपाट प्रदेशातील पूर्णतः पडलेल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये आणि झोपडीसाठी ८ हजार रुपये होते. या रकमेत सुरक्षित जागी घर उभे राहत नाही; फार तर त्याच जागी पुन्हा भिंत उभी राहते, पुढच्या पुरात पडण्यासाठी. म्हणजे आपण माणसाला धोक्यातून बाहेर काढण्यासाठी पैसा देत नाही, धोक्यात राहण्यासाठी हप्त्याहप्त्याने देतो. एकदाच, पण पुरेसा खर्च करावा, हा काटकसरीचाही मार्ग आहे.

आता चुकीचा मुद्दा. नदीकाठी राहणे ही चूक म्हणावी तर ती कोणाची? गावातील उंच आणि कोरडी जागा कोणाकडे गेली आणि ओढ्याकाठचा उतार कोणाच्या वाट्याला आला, हे आपल्या गावगाड्याला चांगले ठाऊक आहे. हंगामात बीड-अहिल्यानगरकडून येणारे तोडकरी ज्या मोकळ्या जागेत कोप्या उभारतात, ती त्यांनी निवडलेली नसते. जाणूनबुजून पूररेषेत शिरलेले लोक मात्र वेगळे आहेत. महाराष्ट्रात पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकापासून निळी आणि तांबडी अशा दोन रेषा ठरलेल्या आहेत. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी. आणि निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई. तरीही नदीकाठी भराव टाकून भूखंड पडले, इमारती चढल्या. त्यांच्या नकाशांवर कोणाच्या तरी सह्या आहेत. चूक शोधायचीच असेल तर ती त्या सह्यांपासून शोधावी.

गरिबाची पूररेषा मात्र बुलडोझरने आखली जाते. २४ जून २०२१ रोजी, भर पावसाळ्यात, पुण्याच्या आंबिल ओढ्याकाठच्या वस्तीत महापालिकेने पाडकाम सुरू केले. रहिवाशांनी विरोध केला आणि त्याच दिवशी न्यायालयाची स्थगिती आली. एकाचे घर बाजारभावाने घ्यायचे आणि दुसऱ्याचे अतिक्रमण म्हणून पाडायचे, असा जर या खरेदीचा अर्थ होणार असेल तर ती आपल्याला नको आहे.

अमेरिकेचा अनुभव येथे उपयोगी पडतो. १९९३ च्या मिसिसिपी नदीच्या महापुरानंतर तेथील शासनाने पूरग्रस्त घरे मोठ्या प्रमाणावर विकत घेतली. इलिनॉय राज्यातील व्हाल्मायर हे गाव उठून जवळच्या उंचवट्यावर गेले. त्या योजनेतील दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत: सहभाग ऐच्छिक असतो, आणि घेतलेली जमीन कायमची मोकळी ठेवावी लागते, तेथे पुन्हा इमारत उठत नाही. पण तिचे मोजमाप मालमत्तेच्या किमतीने होते. ज्याचे घर महाग त्याला अधिक आणि भाडेकरूला जेमतेम, हा त्या मोजमापाचा न्याय आहे. आपल्याकडे ज्याच्या नावे सात-बारा नाही, मिळकतपत्रिका नाही, त्याला तर शून्यच येईल. म्हणून आपली मागणी भूखंडाची किंमत देण्याची असू नये. राहत्या कुटुंबाला राहते घर, ही ती असावी.

आपल्याकडचे अनुभव काय सांगतात? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. त्यानंतर पुण्यात पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या, सहकारी संस्थांना जमिनी मिळाल्या. शासनाने मनावर घेतले तर हजारो कुटुंबे हलवता येतात, हे तेव्हा दिसले. आणि त्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न पुढे अनेक दशके रेंगाळला, हेही दिसले. कोल्हापूरजवळच्या चिखली व आंबेवाडी या गावांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळी येथे पर्यायी जागा देण्यात आली. तरीही २०१९ च्या महापुरात त्या जुन्या गावांतून माणसे बोटींनी काढावी लागली. लोक हट्टी आहेत, असे म्हणून अधिकारी मोकळे होतील. आपण होऊ नये. जागा म्हणजे घर नव्हे, आणि घर म्हणजे संसार नव्हे. गोठा, वैरण, पाणी, शेताची वाट, शाळा, शेजार हे सारे मागे ठेवून माणूस एका चौकोनी प्लॉटवर जाऊन बसत नाही. आपल्याच जिल्ह्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण डोंगराखाली गडप झाले, १५१ माणसे गेली. आमडे येथे नवे गाव बांधून एप्रिल २०१७ मध्ये घरे दिली गेली आणि पहिल्याच पावसात तेथील रस्ते खचले, भिंतींना तडे गेले. पुनर्वसन म्हणजे ठेकेदाराचे काम उरकणे, असे समजले की असे होते.

साथींनो, सांगवीसारख्या गावात हा विषय मांडताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हा पट्टा हिरवा आहे तो नीरेच्या कालव्यामुळे, आणि कालव्याला पाणी आहे ते भाटघर व वीर धरणांखाली कोणाची तरी गावे गेली म्हणून. इंदापूरकरांनी तर उजनीत स्वतःची गावे बुडताना पाहिली आहेत. अशा विस्थापितांच्या लढ्यांतूनच महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्याचे मूलतत्त्व असे होते की, ज्याला पाण्याचा लाभ झाला त्याने ज्याचे गाव पाण्यात गेले त्याला आपल्या जमिनीतून वाटा द्यावा. अंमलबजावणी किती अपुरी झाली ते आपण जाणतो. पण तत्त्व मान्य झाले: विस्थापिताला दया नको, हक्क हवा.

धरणाने ज्याचे घर घेतले त्याच्यासाठी कायदा आहे. नदीने ज्याचे घर तीनदा घेतले त्याच्यासाठी अनुदानाचा तक्ता आहे. हा भेद कशासाठी? आजचा पूर केवळ निसर्गाचा राहिलेला नाही. धरणातून सोडलेले पाणी, बुजवलेले ओढे, भराव घातलेले पात्र आणि बदललेले पाऊसमान, या सर्वांत माणसाचा हात आहे. पंधराव्या वित्त आयोगाने नदीच्या धुपेने विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपयांची शिफारस केली होती. म्हणजे दार किलकिले झालेले आहे. ते पूर्ण उघडण्याचे काम चळवळीचे आहे.

आपली मागणी पाच कलमांत मांडता येईल. वारंवार बुडणाऱ्या वस्तीतील प्रत्येक कुटुंबाला, मग ते मालक असो, भाडेकरू असो वा बेघर असो, पुनर्वसनाचा हक्क कायद्याने मिळावा. स्थलांतर संमतीने, वाडी-वस्तीसह आणि रोजगाराच्या आवाक्यात व्हावे. नवे घर राहण्याजोगे झाल्याशिवाय जुने पाडू नये. रिकामी झालेली जमीन सार्वजनिक राहावी. गायरान, झाडी, नदीचे पसरणे यांखेरीज तिचा दुसरा उपयोग होऊ नये. आणि ज्यांनी पूररेषेत भराव टाकून नफा कमावला त्यांच्याकडून या खर्चाचा वाटा वसूल व्हावा. शेवटची दोन कलमे नसतील तर गरिबाला हलवून मोकळी केलेली नदीकाठची जमीन उद्या बंगल्यांसाठी विकली जाईल आणि करदात्याचा पैसा खरोखरच बुडेल.

कामाला मुंबईच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी नीरा-कऱ्हेच्या काठच्या प्रत्येक गावात कार्यकर्त्यांनी घरोघर जावे. कोणत्या वर्षी पाणी कुठवर आले, घरात कोण राहते, कागद कोणाच्या नावे आहे, जायची तयारी आहे काय आणि नसल्यास का नाही, याची नोंद करावी. कोप्यांतील मजुरांचीही करावी, कारण त्यांची नोंद दुसरे कोणी करणार नाही. ती यादी ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करून घ्यावा आणि तहसीलदारांकडे लेखी द्यावा. पुरानंतरचा पंचनामा सरकार करते. पुराआधीचा पंचनामा आपण केला पाहिजे.