पहिली बेस गिटार



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातला नोकरदार सकाळची लोकल गाठतो आणि दिवेलागणीनंतर घरी परततो. चाळिशीत त्याला बेस गिटार शिकावीशी वाटली, की घरचे हसतात आणि तो स्वतःही ओशाळतो. यात ओशाळण्यासारखे काही नाही, असे आमचे मत आहे. प्रश्न एवढाच, की संसाराच्या पैशातून घ्यावयाचे हे पहिले वाद्य पारखावे कसे?

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊ. लिओ फेंडर यांची ‘प्रिसिजन बेस’ १९५१ साली अमेरिकेत बाजारात आली आणि पुढे हे वाद्य जगभर पसरले. तंबोऱ्याप्रमाणे याला बहुधा चारच तारा असतात, आणि साध्या गिटारीपेक्षा त्या एक सप्तक खाली लागतात. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवीत असत. तबल्याला जसा डग्गा, तसा गाण्याला बेस. तो वाजत असतो तोवर कुणाचे लक्ष जात नाही. थांबला की गाणे पोरके होते.

आता खरेदीकडे वळू. मुलाला शिकायला वर्षे मोकळी असतात. प्रौढाला रात्रीचा अर्धा तास. तेवढ्यात वाद्याने बोटे सोलली, तर तो वाद्याला दोष देत नाही. ‘आपल्या अंगी कलाच नाही’ असे म्हणून तो ते माळ्यावर टाकतो. म्हणून नावापेक्षा दांडी पाहावी, हे आमचे मुख्य सांगणे आहे.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात कपाट घेताना आपण खण ओढून पाहतो. तशीच ही पारख. दांडी डोळ्यासमोर धरावी. किंचित बाक चालेल, पीळ नको. प्रत्येक पडद्यावर तार दाबून वाजवावी आणि खरखर ऐकू येते का ते पाहावे. मोकळी तार षड्ज मानली, तर बाराव्या पडद्यावर तार षड्ज मिळाला पाहिजे. पट्टा खांद्याला लावून दहा मिनिटे उभे राहावे; वजन तेव्हाच कळते. तारेची नेहमीची लांबी ३४ इंच असते. हात लहान असेल, तर ३० इंचांची आखूड गिटार घेण्यात कमीपणा नाही.

तारा पडद्यांपासून फार उंच असतील, तर घोडीचे स्क्रू आणि दांडीतली सळई फिरवून जाणकार त्या बसवून देतो. त्याचे पैसे हातचे राखावेत. सगळी रक्कम गिटारीवरच खर्चू नये. केबल, पट्टा आणि हेडफोनचा लहान अँप्लिफायर हवाच. घरच्या म्युझिक सिस्टिमला बेस जोडून आवाज चढवला, तर खर्जाने स्पीकर फाटू शकतो. शिवाय खर्ज भिंतीपलीकडे जातो. शेजाऱ्यांची झोपही आपलीच जबाबदारी आहे.

लोकलच्या शेवटच्या थांब्यापासून, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, धोबी तलाव चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे वाद्यांची जुनी दुकाने आहेत; फुर्टाडोस तर १८६५ सालचे. दोन-तीन वाद्ये हातात घेऊन पाहावीत. वापरलेले वाद्यही वाईट नव्हे. मात्र सोबत वाजवणारा माणूस असावा.

हाताला सुखाचे वाद्य रोज हातात घेतले जाते, आणि रोज घेतले की येते. वयाची अट तिथे नाही.