सोलापूरचे जोशी मास्तर
(नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांपुढे केलेले भाषण)



नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे गुरू कोण, असे वर्गात विचारले तर हुशार मुलगा चटकन न्यायमूर्ती रानडे यांचे नाव सांगेल. उत्तर बरोबरच आहे. पण आज मी तुम्हांला दुसऱ्या एका गृहस्थांची आठवण करून देणार आहे. ते आपल्याच पेशातले. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी त्यांचे नाव. सोलापूरचे जोशी म्हणून ते ओळखले जात.

जोशी १८५१ सालचे, गोखले १८६६ सालचे. दोघांत पंधरा वर्षांचे अंतर. जोशी सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर. शाळेचे काम सांभाळून ते सरकारी अहवाल, जमाखर्चाचे तक्ते, शेतसाऱ्याचे आकडे यांचा कसून अभ्यास करीत. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांचे अर्थविषयक निबंध येत. पण सरकारी चाकरीमुळे त्यांवर नाव घालण्याची सोय नव्हती. गोखले तेव्हा विशीतले मास्तर. शिकवणे सांभाळून ते रानड्यांच्या देखरेखीखाली सभेचे काम पाहत. या कामातून जोशी आणि गोखले जवळ आले.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गोखले लंडनला गेले. वय अवघे तीस. समोर मुरलेले अंमलदार, आणि उलटतपासणी आकड्याआकड्यावर. या साक्षीच्या तयारीत रानड्यांबरोबर जोशी होते. लंडनला गोखले गेले, नाव गोखल्यांचे झाले. आकड्यांच्या बैठकीत मात्र सोलापूरच्या मास्तरांचा घाम होता.

जानेवारी १९०१ मध्ये रानडे निवर्तले. त्यानंतर वर्षभरातच गोखल्यांना व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात बसावे लागले. आता विचारायचे कोणाला? गोखल्यांनी जोशींकडेच धाव घेतली. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास त्यांचे अंदाजपत्रकावरचे पहिले भाषण झाले. सरकारपाशी सुमारे सात कोटी रुपये शिल्लक होती आणि तिची वाखाणणी चालली होती. गोखले म्हणाले, ही रयतेच्या भरभराटीची खूण नव्हे. गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याने ही शिल्लक पडली आहे, तेव्हा मिठावरचा कर उतरवा. १९०३ साली तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. गरिबाच्या ताटातल्या मिठापर्यंत पोचलेल्या त्या भाषणाच्या तयारीत जोशी मास्तरांची मदत होती.

पुढे गोखले १९०५ च्या बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले, देशाचे पुढारी झाले. धाकटा असा मोठा झाला, की थोरल्याच्या मनात सल राहण्याचा संभव असतो, आणि धाकट्याला जुने ऋण अवघड वाटू लागते. इथे तसे घडले नाही. मार्गदर्शकाचा मित्र झाला आणि ती मैत्री १९११ साली जोशींच्या निधनापर्यंत टिकली. दुसऱ्या वर्षी, १९१२ मध्ये, त्यांच्या लेखांचा व भाषणांचा संग्रह निघाला, आणि ज्या निबंधांवर नाव नव्हते त्यांचा धनी सर्वांना कळला.

मित्रहो, तुमचे हे पहिले वर्ष. टाचणवही कशी लिहावी, हजेरीपट कसा भरावा, मागच्या बाकावरच्या मुलाला कसे जवळ करावे, हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात. पण खरे उमगते ते शाळेतल्या एखाद्या जुन्या मास्तरांशेजारी बसून. त्यांना विचारायला लाजू नका. जे ज्येष्ठ इथे बसले आहेत त्यांनाही हात जोडून सांगतो, नव्या मुलाला एकटा सोडू नका. त्याचा धडा चांगला झाला तर तुमचे नाव निघणार नाही, हे धरूनच चाला. मुले शिकली म्हणजे झाले.