एका शौर्यपत्राचे वाचन



१० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, नायक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण, माणगाव तालुक्यातील पळसगाव हे गाव, वय अवघे २२. त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या शौर्यपत्रातील एका तपशिलापाशी मी नेहमी थांबतो. मॅगझिन बदलण्यास वेळ नव्हता, म्हणून त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोन शत्रूंना तिच्याच प्रहारांनी ठार केले.

शस्त्र ठाऊक नसेल, तर यात केवळ आवेश दिसतो. सेक्शनमध्ये बहुतेकांपाशी थ्री-नॉट-थ्री रायफल, एक ब्रेनगन, आणि टॉमीगन बहुधा सेक्शन कमांडरपाशी असे. तिच्या मॅगझिनमध्ये २० किंवा ३० गोळ्या. सलग माऱ्यात त्या काही सेकंदांत संपतात. ती बदलेपर्यंत शत्रूला रोखून धरणारा साथीदार घाडग्यांपाशी उरला नव्हता. सेक्शनमधील बाकी सारे मृत वा जखमी झाले होते. आपल्या गौरवभाषणांत घोषणा पुष्कळ असतात, बंदुकीचे नाव मात्र क्वचितच.

बिदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात ज्यांच्या घरी त्या युद्धातील पदक असेल, त्यांनी प्रथम भिंग घेऊन त्याची कड व मागची बाजू पाहावी. भारतीय सैनिकांच्या पदकांवर क्रमांक व नाव उमटवलेले आढळते. शिपाई मराठा पलटणीचा असल्यास तो क्रमांक घेऊन बेळगावच्या रेजिमेंट केंद्राला पत्र लिहावे. पलटणींच्या युद्धदैनंदिन्या लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आणि एवढे ऐका: पदक चिंचेने घासू नका, अक्षरे झिजतात.