बेळगाव–वेंगुर्ले मार्ग : एका घाटवाटेची कथा



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एखादा किल्ला वा राजवाडा न निवडता एक रस्ता निवडला आहे. आपल्यांपैकी अनेकांचे पूर्वज याच वाटेने कोकण सोडून घाटावर आले, हे त्याचे कारण.

बेळगावाहून हा मार्ग पश्चिमेस निघतो. शिनोळी, पाटणे फाटा, हलकर्णी फाटा ही चंदगड तालुक्यातील ठिकाणे मागे टाकून तो आंबोलीस पोहोचतो. येथे उगम पावणारी हिरण्यकेशी समुद्र जवळ असूनही पूर्वेस वळते आणि घटप्रभेच्या द्वारे कृष्णेस मिळते. रस्ता मात्र पश्चिमेस घाट उतरून दाणोली, सावंतवाडी असा वेंगुर्ल्याच्या बंदराशी थांबतो.

या बंदराची महती जुनी. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली. तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत. 1812 साली सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले, आणि 1818 नंतर बेळगावास लष्करी छावणी पडली. छावणी व बंदर यांना जोडणारी पहिली वाट रामघाटाची होती. पण तिचा चढ गाड्यांस फार जड जाई. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोलीचा, म्हणजे आजचा आंबोलीचा, घाटरस्ता बांधण्यात आला. बैलगाड्यांच्या रांगा त्यावरून चालू लागल्या.

हे वैभव अल्पकाळ टिकले. 1887 साली बेळगावास आगगाडी आली, लवकरच लोहमार्ग मुरगावच्या बंदरास भिडला, आणि घाटमाथ्याचा माल तिकडे वळला. वेंगुर्ल्याचे महत्त्व ओसरले. रस्ता मात्र ओस पडला नाही. व्यापाऱ्यांनी सोडलेली वाट चाकरमान्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि लेकी-सुनांनी चालती ठेवली.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, तर त्याच जिल्ह्यातील चंदगड मुंबई राज्यात आले. एका रस्त्याचे दोन कारभारी झाले. सीमेची वेदना आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिचा उच्चार पुरे. पण शिनोळीचा शेतकरी बाजारासाठी बेळगावच गाठतो, आणि दोन्ही बाजूंस सोयरीक जुळतेच.

आंबोलीचा पाऊस प्रचंड. पावसाळ्यात दरडी कोसळतात, त्या उपसून वाट पुन्हा मोकळी करावी लागते. एकदा बांधला की रस्ता कायमचा झाला, असे घाटात होत नाही. परप्रांतात मातृभाषा राखणाऱ्या मंडळांचेही तसेच आहे. पन्नास वर्षे आपण ही डागडुजी केली. पुढील पिढीच्या हाती आता फावडे द्यावयाचे आहे. ते ती आनंदाने घेवो, एवढीच आमची प्रार्थना.