लेकरांस चित्रपट केव्हा दाखवावा?



लेकराने चित्रपटगृहाची पायरी कोणत्या वयी चढावी, हा प्रश्न आज घरोघरी पडतो. १९८३ साली ‘यूए’ प्रमाणपत्र आले; २०२४ च्या नियमांनी त्याचे ७, १३ व १६ वर्षांवरील असे तीन वर्ग केले. ‘ए’ प्रमाणपत्राच्या खेळास १८ वर्षांखालील मुलांना मज्जाव आहे. ‘यूए’चा निर्णय मात्र कायद्याने आईबापांवरच सोपविला आहे. तो भार आपण द्वारपालाच्या माथी मारू नये.

वय कळले म्हणजे मन कळले असे नव्हे. सातवे सरलेले एक मूल पडद्यावरील राक्षस पाहून हसते. दुसरे त्याच रात्री अंथरुणात दचकून उठते. यास्तव आम्ही सुचवितो की, चित्रपट आधी आपण पाहावा. गोष्ट ऐकताना मूल खरे व कल्पित यांतील भेद जाणते काय, दोन तास स्वस्थ बसते काय, हे पारखावे. घरी भय वाटल्यास चित्र तत्काळ थांबविता येते. चित्रपटगृहातील अंधार व गर्जना यांपुढे लेकरू निरुपाय होते. ते रडू लागल्यास तिकिटाच्या पैशांकडे न पाहता त्यास बाहेर आणावे. शेजारच्या मुलाने पाहिला, एवढ्यानेच आपले मूल तयार झाले असे समजू नये.