निसर्गाचा हिशेब आणि हंगामी हिशेबनीस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



युरोपातील विद्यापीठांतून अलीकडे एक जागा वारंवार जाहीर होते. पृथ्वीवरील जैवविविधतेत कोणते बदल होत आहेत याचा शोध घेण्यासाठी संशोधक हवा. नेमणूक दोन किंवा तीन वर्षांची. अनुदान संपले की जागा संपली. कोणाच्या तरी परदेशातील नोकरीची ही बाब पक्षाच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. कोणाच्या दारातील निसर्ग किती नासला, हे या हिशेबावरून ठरणार आहे. आणि ज्याच्या हाती वही असते त्याच्या बाजूने निकाल लागतो, हे सावकारी पाहिलेल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सांगावयास नको.

हा हिशेब किती अवघड आहे ते आधी पाहिले पाहिजे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने जगभरच्या जुन्या-नव्या गणना एकत्र करण्यात आल्या. ‘बायोटाइम’ या नावाने २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संग्रहात ८७ लाखांहून अधिक नोंदी होत्या. तत्पूर्वी २०१४ साली त्याच गटाने १०० गणना-मालिका तपासून एक अनपेक्षित निष्कर्ष मांडला : एकेका ठिकाणी आढळणाऱ्या जातींची संख्या सरसकट घटलेली दिसत नाही; मात्र जुन्या जाती जाऊन त्यांच्या जागी वेगळ्याच जाती येत आहेत. गिरणगावातील एखाद्या चाळीत पूर्वी शंभर बिऱ्हाडे होती आणि आज तेथे उभ्या राहिलेल्या टॉवरमध्येही शंभरच आहेत. केवळ आकडा पाहणारा म्हणेल की काहीच बदलले नाही. गिरणी कामगार कोठे गेला, हे त्या आकड्यात दिसत नाही.

या निष्कर्षाला २०१६ साली अन्य शास्त्रज्ञांनी हरकत घेतली. उपलब्ध मालिका मुख्यतः युरोप व उत्तर अमेरिकेतील आहेत. जेथे जंगल प्रत्यक्ष तुटत आहे, तेथे मोजणारेच थोडे, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणजे ज्या देशांनी आपली जंगले पूर्वीच संपविली, त्यांच्याकडे वह्या आहेत. ज्यांची आज संपत आहेत, त्यांच्या वह्या कोऱ्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या आंतरशासकीय मंचाने २०१९ साली पॅरिस येथे जाहीर केले की, सुमारे ८० लाख जातींपैकी १० लाख जाती नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत. या दोन निष्कर्षांत विसंगती नाही. सर्वत्र तग धरणाऱ्या जाती जागोजागी पसरतात आणि एकाच खोऱ्यात वाढणाऱ्या कायमच्या जातात; गावोगावचा आकडा तोच राहून जगाचा आकडा घटू शकतो.

असे बदल दोन वर्षांत उमगत नाहीत. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे लॉझ नावाच्या खतकारखानदाराने १८५६ साली एका कुरणाचे तुकडे पाडून त्यांवर निरनिराळी खते घालण्यास आरंभ केला. तो प्रयोग आजतागायत चालू आहे. ज्या तुकड्यांना खत मिळाले नाही, तेथे चाळीसच्या आसपास वनस्पती नांदतात. ज्यांना चुन्याशिवाय वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट मिळाले, तेथे एक-दोन गवतांचेच राज्य झाले. जर्मनीतील क्रेफेल्ड येथील हौशी कीटक-अभ्यासकांनी २७ वर्षे ठिकठिकाणच्या राखीव क्षेत्रांत जाळी लावली. त्यांच्या संग्रहावरून, उडत्या कीटकांचे एकूण वजन तीन-चतुर्थांशांहून अधिक घटले, हे २०१७ साली जगाला कळले. पहिल्याचा पाया भांडवलदाराच्या पैशावर घातला गेला, दुसरे काम हौशी मंडळींच्या चिकाटीवर तगले. दोन्ही ठिकाणी उपयोगी पडले ते सातत्य.

आणि विद्यापीठे नेमके तेच नाकारतात. ब्रिटनमधील प्राध्यापक व संशोधकांच्या संघटनेने २०१९ पासून २०२३ पर्यंत पुनःपुन्हा संप केले, त्यांतील एक प्रमुख मागणी हंगामी नेमणुका थांबविण्याची होती. त्या काळात तेथील सुमारे एक-तृतीयांश अध्यापक-संशोधक मुदतीच्या करारावर होते आणि केवळ संशोधन करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश होते. ज्याला पुढील वर्षीचे घरभाडे कसे भरावे याची विवंचना आहे, त्याच्याकडून शतकाचा हिशेब मागितला जातो! नेमणुका बदलत्या राहिल्या म्हणजे नवे विचार येतात, असे समर्थन केले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु तलाठ्याची बदली होते तेव्हा सज्जाचे दप्तर त्याच्याबरोबर जात नाही. येथे माणसाबरोबर दप्तरही बंद होते.

आपल्या देशात २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून राज्यांना दंडाचा धाक घातला, तेव्हा त्या कामाला वेग आला. परंतु ती वही एकदा भरून कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. दरवर्षी गावाने ती पुढे लिहिली पाहिजे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. जंगलावर ज्याचा हक्क आहे, त्यालाच त्याची मोजदाद ठेवण्यात स्वारस्य असते. आदिवासींच्या ताब्यातील भूमीवर निसर्गाचा ऱ्हास तुलनेने मंद आहे, हे २०१९ च्या त्या अहवालानेही मान्य केले आहे.

म्हणून मागण्या दोन. विद्यापीठांतील मोजणीची कामे कायम आस्थापनेवर घ्या, आणि गावच्या नोंदवहीसाठी माहिती देणाऱ्या व ती लिहिणाऱ्या ग्रामस्थांना त्या कामाची मजुरी द्या. कार्यकर्त्यांपुरते सांगावयाचे तर, आपल्या ग्रामपंचायतीत ती वही मागून पाहावी; शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, एवढे वाचले तरी पुढील कामाची दिशा कळेल.