परदेशी संकेतस्थळे आणि आपला कायदा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



परदेशी संकेतस्थळांनी आपल्या देशाचा खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा पाळावा काय? माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्या होकाराबरोबर एक जबाबदारी आपल्याही शिरावर येते.

कंपन्या म्हणतात, आमची कार्यालये व यंत्रे परदेशात. शंभर देशांचे शंभर कायदे आम्ही कसे पाळावेत? परंतु परदेशात तयार झालेले औषध येथे विकावयाचे तर ते येथील औषध कायद्याला उतरावेच लागते. संकेतस्थळांचा तर कच्चा मालच येथला आहे. आपली नावे, आवडीनिवडी, आपला ठावठिकाणा हे त्यांचे भांडवल. माल येथून न्यावयाचा, जाहिरातींचा पैसा येथे मिळवावयाचा आणि उत्तरदायित्व तेवढे सातासमुद्रापार ठेवावयाचे, ही रीत आपल्याला कंपनी सरकारच्या काळापासून परिचित आहे.

कायदे पाळणे अशक्य आहे, हेही खरे नव्हे. युरोपीय संघाचा कायदा मे २०१८ पासून अमलात आला. कंपनी कोठलीही असो, युरोपातील लोकांना सेवा देत असेल तर तिला तो लागू होतो आणि दंड जागतिक उलाढालीच्या चार टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. २०२१ साली व्हॉट्सअ‍ॅपने नव्या अटी आणल्या, तेव्हा युरोपातील ग्राहकांना वेगळी वागणूक मिळाली. भारतीयांना मात्र ‘मान्य करा, नाही तर सेवा सोडा’ असे प्रथम बजावण्यात आले. जेथे कायद्याचा धाक, तेथे कंपनी नमते. मे २०२३ मध्ये मेटा कंपनीला तेथे १२० कोटी युरोंचा दंड झाला.

आता दुसरी बाजू. २००४ साली याहू कंपनीने एका पत्रकाराची माहिती चिनी सरकारच्या हवाली केली. पुढच्या वर्षी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हाही ‘स्थानिक कायदा पाळला’ असेच समर्थन झाले. म्हणून कायदा कोणाचे रक्षण करतो, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर आलेला २०२३ चा कायदा येथे सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहे. दंडाची मर्यादा २५० कोटी रुपये. हे स्वागतार्हच आहे. पण हा दंड सरकारी तिजोरीत जाणार. ज्याची माहिती फुटली त्याला काय? माहिती तंत्रज्ञान कायद्यातील भरपाईचे जुने कलम तर या कायद्याने वगळावयाचे ठरविले आहे. केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून मोकळे करू शकते. तक्रारी ऐकणारे मंडळही तेच नेमणार. शिवाय माहितीच्या अधिकाराचे एक कलम याच कायद्याने अधिक आवळले.

तेव्हा आपली मागणी दुहेरी असली पाहिजे. परदेशी कंपनीने आपला कायदा पाळावा. आणि तो कायदा आपल्या सरकारनेही पाळावा. पीडित नागरिकाला भरपाई, सरकारी नियंत्रणापासून मुक्त मंडळ आणि सरसकट सवलतीचा शेवट, या तीन गोष्टी घेऊन आपण लोकांपुढे गेले पाहिजे. पाळत कंपनीने ठेवली काय किंवा सरकारने ठेवली काय, नागरिकाचे स्वातंत्र्य सारखेच हिरावले जाते.